आखून फोडलेली भिंत

१

मागच्या खोलीची भिंत कुणीतरी फोडली होती.

आतल्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, उघड्या वहीएवढा चौकोनी खड्डा. आतल्या विटा दिसत होत्या. भिंतीला पिस्ता रंग लावून आठवडा झाला होता आणि त्याचा वास अजून खोलीत होता. खिडकी जागच्या जागी, दाराचं कुलूप शाबूत. चोरीला जाण्यासारखं घरात काही नव्हतंच, कारण घर रिकामं होतं. आणि परवा सकाळी अकरा वाजता त्याच घराची आमच्या नावावर नोंदणी व्हायची होती.

मी बस चालवणारा माणूस. आमच्या धंद्यात हॉर्न आधी आणि विचार मागाहून. "ज्यानं हे केलंय त्याला मी सोडणार नाही," हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा माझा संशय कुणावरच नव्हता, पण आवाज मात्र तीन मजले ऐकू गेला.

बायकोला सातवा महिना चालू होता. ती चौकटीला टेकून उभी राहिली आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. पाळणा तिथेच ठेवायचा, हे तिनं घर बघितल्या दिवसापासून ठरवलं होतं. आमचं भाड्याचं घर महिनाअखेरीला सोडायचं होतं, त्याला अकरा दिवस उरले होते. हा व्यवहार मोडला तर बाळंतीण कुठे न्यायची हा प्रश्न होता.

शेवटची पाहणी म्हणून आम्हाला तिथे घेऊन आला होता तो दलाल. त्याला सगळे 'दोन-मिनिट' म्हणायचे. घर दाखवायचं असो की कागद आणायचा असो, त्याचं "दोन मिनिटांत करतो" ठरलेलं. त्यानं खड्डा बघितला, घाम पुसला आणि म्हणाला, "दोन मिनिटांत गवंडी आणतो. संध्याकाळपर्यंत इथे काही होतं हे तुम्हालाही आठवणार नाही."

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "गवंडी नको. मावशीला बोलवा."

२

मावशी म्हणजे बायकोची मावशी. बांधकामं तपासण्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली. खिशात दाराची एक जुनी लोखंडी किल्ली, आणि कुठेही गेली की त्या किल्लीनं भिंतीवर टकटक. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा तिनं मुहूर्ताच्या आधी खांब वाजवून बघितला होता. नातेवाइकांत तिचं नावच टकटकमावशी.

खरं सांगायचं तर घर बघायला तिला न्यायचं मीच टाळलं होतं. आधी तीन घरं तिच्याबरोबर बघितली आणि तिन्ही तिनं वाजवून नापास केली. एका घरात तिनं सगळे नळ एकदम सोडले, तर शेवटच्या नळातून नुसती हवा आली. दुसऱ्या घरात ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाऊन बसली, तेव्हा कळलं की संध्याकाळी खालच्या कारखान्याच्या आवाजात बोलणंही ऐकू येत नाही. तिसऱ्या घराचे मूळ कागद दाखवायला मालक तयार नव्हता. एवढं होऊनही मला वाटायचं, ही बाई आपल्याला घरच घेऊ देणार नाही. उतावळ्या माणसाला शहाणा माणूस आडवाच वाटतो.

ती आली. बरोबर विजेरी, घडीचं स्टूल आणि डबा. आल्या आल्या मला म्हणाली, "जावईबापू, घर पसंत पडल्यावर मला बोलवलंत. म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघायला."

मग ती कामाला लागली. आधी तिनं खड्ड्याकडे बघितलंच नाही, जमिनीकडे बघितलं. हात फिरवला, बोटं बघितली. मग दाराआड ठेवलेली कागदी पिशवी उचलली. गिलाव्याचे सगळे तुकडे त्यात भरून तोंड दुमडून ठेवलेलं होतं.

"केर काढलाय," ती म्हणाली. "भिंत फोडायची आणि केर काढून जायचं. एकतीस वर्षांत असा चोर मी बघितला नाही."

खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांत रंगावर पांढऱ्या रेघा एकमेकींना ओलांडून बोटभर पुढे गेल्या होत्या. फोडण्याआधी कुणीतरी चौकोन आखला होता. रेघ दोऱ्यासारखी बारीक होती. मावशीनं ती नखानं खरवडली, बोटावर घेतली आणि फुंकून टाकली.

मग बाहेर जाऊन तिनं मीटरची पेटी उघडली. आत पाच फ्यूज होते, कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. एक खोबण रिकामी होती आणि तो फ्यूज काढून पेटीच्या वर नीट ठेवलेला होता. मावशीनं एकेक दिवा लावून बघितला. सगळे लागले, फक्त मागच्या खोलीचा लागला नाही.

तेव्हा कुठे तिनं खड्ड्यात विजेरी धरली. मी वाकून हात आत घालणार तोच तिनं माझ्या मनगटावर किल्ली मारली.

"हात मागे."

आत इमारतीचा पाण्याचा नळ उभा गेला होता. त्याच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी विटांवर झिरपत होतं. आणि त्या ओल्या विटांना चिकटून विजेची तार गेली होती. तिचं वरचं वेष्टण फुटलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं.

बायकोनं पोटावर हात ठेवला.

"फ्यूज असता तर ह्या भिंतीत वीज उतरली असती," मावशी म्हणाली. "ज्यानं ही भिंत फोडली, त्याला आत काय आहे ते आधीपासून माहीत होतं. आणि तो माणूस ह्या घराची किल्ली बाळगतो."

३

किल्ल्या चार होत्या.

एक मालकीणबाईंकडे. साठी उलटलेल्या, एकट्या, कमी बोलणाऱ्या बाई. चार दिवसांपूर्वी त्यांनी सामान हलवलं होतं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. बहीण अंथरुणाला खिळलेली, तिचं करायला दुसरं कुणी नाही, म्हणून तर घर विकायचं होतं. दुसरी किल्ली दोन-मिनिटकडे. तिसरी रंगाऱ्याकडे, त्यानं अजून परत केली नव्हती. चौथी समोरच्या दारातल्या हेडसरांकडे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला.

मावशीनं मला स्टुलावर बसवलं आणि ती स्वतः उभी राहिली. "ह्या खोलीत तुम्ही शेवटचे कधी होतात? कोण कोण होतं? काय बोलणं झालं? सगळं सांगा, आणि हॉर्न न वाजवता सांगा."

आठवड्यापूर्वी आम्ही दुसऱ्यांदा घर बघायला आलो होतो. रंगारी ह्याच भिंतीवर शेवटचा हात मारत होता. मालकीणबाई होत्या, दोन-मिनिट होता. बोलत होता तो एकटाच. मी बाईंना काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. त्या माझ्याकडे बघून हसल्या, तेसुद्धा जणू त्याच्यामार्फत. मग बायको ह्या कोपऱ्याशी उभी राहून म्हणाली, "पाळणा इथे. अगदी भिंतीला लागून." त्यानंतर मालकीणबाई पाणी आणते म्हणून गेल्या आणि आल्याच नाहीत. दोन-मिनिट म्हणाला, बाईंना घर सोडायचं दुःख होतंय.

"आणि हेडसर?"

"ते नव्हते."

मावशी दोन-मिनिटकडे वळली. "तुम्ही मधे का बोलत होतात?"

"पद्धत आहे आमची," तो म्हणाला. "विकणारा आणि घेणारा एकमेकांशी थेट बोलणार नाहीत असं दोघांकडून लिहून घेतो मी. ह्यांचीही सही आहे. थेट बोलले की भांडतात हो. एक म्हणतो पंखे माझे, दुसरा म्हणतो पंखे घराचे, आणि माझा जमलेला व्यवहार फिसकटतो."

"पंखे कुणाचे ते कागदावर लिहावं, म्हणजे भांडण होत नाही," मावशी म्हणाली. "ओल आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"कुठल्या घरात नसते?" तो म्हणाला आणि घड्याळ बघत जिन्याकडे निघाला. "मी दोन मिनिटांत गवंड्याला घेऊन येतो."

त्याची पाठ वळताच मावशीनं बायकोला स्टुलावर बसवलं आणि स्टूल खड्ड्यासमोर सरकवलं. "तू इथून उठायचं नाहीस. तो बुजवायला आला तर म्हणावं, पाय सुजलेत."

४

रंगारी दोन इमारती पलीकडे काम करत होता. शिडीवरून उतरला, हात पुसले. खड्ड्याचं ऐकून त्याला नवल वाटलं नाही, उलट बरं वाटल्यासारखं दिसलं.

"तीन हात मारले मावशी त्या भिंतीला," तो म्हणाला. "पहिला मारला, सकाळी डाग वर. दुसरा मारला, परत वर. दलालाला म्हटलं, आधी नळ बघा. तर म्हणे ओल मारायचं अस्तर लाव आणि गप्प बस. लावलं. पण ओल रंगाखाली मरत नाही, नुसती झोपते."

"अख्ख्या घरात एकाच खोलीला नवा रंग," मावशी मला म्हणाली. "जावईबापू, तुम्हाला विचारावंसं नाही वाटलं, एकाच खोलीला का?"

मला वाटलं होतं, आमच्या बाळासाठी. ते मी तिला सांगितलं नाही.

"मग तूच फोडलीस," मी रंगाऱ्याला म्हणालो. "वैतागून."

तो हसला. "मी फोडली असती तर दोन घावांत कोपरा खाली पाडला असता दादा. आखत कोण बसतं? आणि मी काम करताना घराची मुख्य कळच बंद करतो. पाचांतला कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा हे मला काय ठाऊक?"

मावशीनं मान डोलावली. परतताना ती जिन्याच्या प्रत्येक कठड्यावर किल्ली वाजवत चढली. मला वाटलं, तिचं लक्ष नाही. पण पहिल्या मजल्यावर पोचल्यावर ती थेट हेडसरांच्या दाराशी थांबली.

दाराबाहेर चपलांचं कपाट होतं. त्यावर हातोडा आणि छिन्नी. छिन्नीच्या टोकाला पिस्ता रंगाचा कण चिकटला होता.

५

हेडसर निवृत्त होते, पण घरात आजूबाजूच्या पोरांची शिकवणी चालायची. आत फळा, आणि फळ्याखाली खडूंचा डबा.

खडू. हातोडा. आमच्या घराची किल्ली. शिवाय मला एक गोष्ट आठवली. दोन-मिनिटनंच सांगितलेली, की हे घर आधी हेडसरांनी मागितलं होतं, मुलीला शेजारी ठेवावं म्हणून, पण बोलणी जमली नाहीत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी दारातच सुरू झालो. वयाचा मान राखून जेवढं ओरडता येतं तेवढा ओरडलो, मग थोडा जास्त. व्यवहार मोडावा म्हणून भिंत फोडलीत, गरोदर बाईचा विचार केला नाहीत, वगैरे.

हेडसरांनी मला पूर्ण बोलू दिलं. वर्गात सवय झाली असणार. मग म्हणाले, "हातोडा माझा. छिन्नी माझी. मी फोडली नाही. उसनं कुणी नेलं ते सांगणार नाही, कारण मी शब्द दिलाय. तुम्ही आणखी ओरडलात तरी सांगणार नाही."

"बघा मावशी," मी म्हणालो.

मावशी बघतच होती, पण फळ्याकडे. तिनं डब्यातला एक खडू उचलला आणि फळ्यावर रेघ मारली. जाडसर, भुरभुरीत रेघ. खडूला धार नसते, कितीही हलक्या हातानं मारा, रेघ बोटाच्या नखाएवढी रुंद पडते.

"भिंतीवरची रेघ दोऱ्यासारखी होती," ती म्हणाली. "ती ह्या खडूची नाही. जावईबापू, गाडी मागे घ्या."

मी गाडी मागे घेतली. म्हणजे माफी मागितली. हेडसर म्हणाले, "घरच्यांची काळजी दिसली मला त्यात, तिला काय माफ करायचं." आजही ते वाक्य आठवलं की मला माझ्या आवाजाची लाज वाटते आणि त्या माणसाचं कौतुक वाटतं.

"एकच विचारते," मावशी त्यांना म्हणाली. "शब्द मोडू नका. हातोडा नेणाऱ्यानं परत केला तेव्हा बोलताना रडलं होतं का कुणी?"

"तुम्ही माझ्या वर्गात हव्या होतात बाई," हेडसर म्हणाले, आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

६

समोर दोन-मिनिट गवंड्याला घेऊन उभा होता. घमेल्यात सिमेंट कालवलेलं, पण खड्ड्यासमोर माझी बायको स्टुलावर बसलेली. सातव्या महिन्याच्या बाईला उठवून भिंत बुजवायची दोघांची हिंमत नव्हती. ती मावशीच्या डब्यातला उपमा खात होती आणि अधूनमधून म्हणत होती, "पाय फार सुजलेत हो."

मावशीनं जुनं वर्तमानपत्र पसरलं, कागदी पिशवी त्यावर रिकामी केली आणि मांडी घालून बसली. गिलाव्याचे तुकडे ती रंगाची बाजू वर करून जुळवायला लागली. अर्धा तास गेला. गवंड्याला नाद लागला, तोही एकेक तुकडा सरकवून देऊ लागला.

चौकोन पुरा झाला तेव्हा आम्ही सगळेच वाकलो. तुकड्यांवर, कडेपासून बोटभर आत, आणखी एक रेघ होती. तशीच बारीक. म्हणजे चौकोनात चौकोन. आतला चौकोन आखून झाल्यावर त्याच्याबाहेर बोटभर अंतर सोडून दुसरा आखला होता, आणि भिंत फोडली होती ती बाहेरच्या रेघेवर.

"चुकला असेल," दोन-मिनिट म्हणाला.

"चारही बाजूंना सारखंच बोटभर चुकला?" मावशी म्हणाली.

ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली. खिडकीखाली, भरपूर उजेडाच्या जागी, फरशीत चार बारीक खळगे पडले होते. आम्ही दोनदा घर बघितलं होतं आणि ते मला दिसले नव्हते. कसलीतरी जड वस्तू वर्षानुवर्षं एकाच जागी उभी होती आणि सतत थरथरत होती.

मावशीनं एका खळग्यात किल्लीचं टोक ठेवलं आणि मग पहिल्यांदाच मोठं हसली. "मालकीणबाईंना बोलवा," ती म्हणाली. "आणि निरोप दलालाकडून नाही. जावईबापू, तुम्ही स्वतः जा."

"त्यांनी सही केलीय," दोन-मिनिट म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "थेट बोललात तर व्यवहार रद्द होईल."

"होऊ दे," बायको स्टुलावरून म्हणाली.

७

मालकीणबाई दुपारी आल्या. माझ्याबरोबर रिक्षात बसून आल्या, पण वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. खोलीत आल्यावर त्यांनी तुकड्यांचा जुळवलेला चौकोन बघितला आणि ओठ मिटून घेतले. समोरून हेडसरही येऊन दाराशी उभे राहिले.

मावशी बोलायला लागली, तीही त्यांच्याकडे न बघता, माझ्याकडे बघून.

"जावईबापू, तुम्ही सकाळपासून एकच विचारत होतात, भिंत फोडून फायदा कुणाचा? म्हणून रस्ता चुकलात. केर काढणारा माणूस नुकसान करायला आलेला नसतो. फ्यूज काढून ठेवणाऱ्याला पुढच्या माणसाचा जीव महत्त्वाचा वाटत असतो. मग बाकीचं सोपं आहे. पाचांतला नेमका फ्यूज न चुकता कोण काढेल? जो ह्या घरात राहिलाय तो. रंगारी नाही, दलाल नाही, कुंड्यांना पाणी घालणारे सर नाहीत. नेमका हाच कोपरा का? पाळणा इथे येणार हे ज्यानं ऐकलं, तोच हा कोपरा निवडेल. सरांनी ते ऐकलं नव्हतं. हातोडा उसना का आणावा लागला? कारण स्वतःचं सामान चार दिवसांपूर्वी गेलं होतं."

"पण विकणारीच आपली भिंत कशाला फोडेल?" मी विचारलं. मला अजून पटत नव्हतं.

"ते त्यांनाच विचारा. मी फक्त दोन रेघांचं सांगते. गवंडी एक रेघ मारतो. शाळेतला मास्तर एक रेघ मारतो. जिथे हवं त्याच्या बोटभर बाहेर दुसरी रेघ मारून त्या बाहेरच्या रेघेवर कापणारी माणसं एकाच धंद्यात असतात. कापड बेतणारी. शिवणीला जागा सोडायची असते ना. चाळीस वर्षं तो हात तसा वळला, की भिंतीवरसुद्धा तसाच वळतो. शिंप्याच्या चपट्या खडूला धार असते, म्हणून रेघ दोऱ्यासारखी. आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली शिवणयंत्राच्या चार पायांचे खळगे आहेत."

मालकीणबाईंनी पदराच्या टोकाशी बांधलेलं काहीतरी सोडलं. चपट्या खडूचा तुकडा होता, झिजून नखाएवढा राहिलेला.

"पाचशे झगे शिवले असतील लहान पोरींचे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. "पहिल्याच दिवशी मी ह्या दलालांना सांगितलं होतं. नळ झिरपतो, भिंतीला हात लावला की मुंग्या येतात, घेणाऱ्यांना सांगा. हे म्हणाले, सांगितलंय, त्यांची हरकत नाही. मग त्या दिवशी ही म्हणाली, पाळणा भिंतीला लागून. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तुम्हाला कुणी काहीच सांगितलेलं नाही. माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. मग दलालांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाले, दोन मिनिटांत सांगतो."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"सही केली होती. शब्द दिला होता की मी तुमच्याशी बोलणार नाही. शब्द मोडला तर व्यवहार मोडेल, आणि मग माझ्या बहिणीचं काय, तुमचं काय." त्यांनी खड्ड्याकडे बघितलं. "मी बोलणार नाही असं कबूल केलं होतं. भिंतीनं केलं नव्हतं."

दोन-मिनिट भिंतीला टेकून खाली बसला. मागच्याच महिन्यात ओलीपायी त्याचा एक व्यवहार फिसकटला होता, म्हणून तो घाबरला होता. "सांगणारच होतो," तो म्हणाला, "नोंदणी झाल्यावर." आणि ते वाक्य कसं वाटतं हे स्वतःच्याच कानांनी ऐकून तो गप्प झाला. हॉर्न वाजवायची ती खरी वेळ होती, पण मी तो वाजवला नाही.

"तुम्हाला आता हे घर नको असेल तर मी समजू शकते," मालकीणबाई म्हणाल्या.

बायको उठली. सकाळपासून पहिल्यांदा. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले, सुईनं बोटं खरखरीत झालेले हात, आणि आपल्या पोटावर ठेवले. "घर तुमच्याकडूनच घेणार," ती म्हणाली. "आपलीच भिंत फोडून दाखवणारं माणूस आम्हाला दुसरं कुठे मिळणार?"

मावशी खिडकीकडे तोंड करून किल्लीनं गज वाजवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ती काहीतरी वाजवते, हे मला त्या दिवशी कळलं.

८

नोंदणी आठवडाभर पुढे गेली. त्या आठवड्यात नळ बदलला, तार बदलली, भिंत वाळवली. दोन-मिनिटनं ते सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं आणि त्याचा तो लिहून घेतलेला कागद आमच्यासमोर फाडला. भाड्याचं घर सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही इथे राहायला आलो. सामान चढवायला हेडसर आणि रंगारी दोघेही होते. मावशीनं गवंड्याला तो चौकोन बुजवू दिला नाही. तिथे लाकडी झाकण बसवलं, म्हणजे आतला सांधा कधीही उघडून बघता येईल.

मुलगी झाली. पाळण्यात अंथरायला मालकीणबाईंनी दुपटं शिवून आणलं. पुढे तिला शिवण त्यांनीच शिकवलं, बहीण गेल्यावर त्या आमच्याकडे आठ-आठ दिवस राहायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांनी माझ्या मुलीसाठी एक पत्र्याची डबी ठेवली होती. आत सुया, अंगुस्तान आणि चपट्या खडूच्या तीन वड्या.

ह्याला बावीस वर्षं झाली. आता माझे गुडघे जिने चढत नाहीत, तळमजल्याचं घर बघितलंय आणि हे विकायला काढलंय. मावशी ऐंशीची आहे, नवं घर तिनं वाजवून पास केलं. ह्या वेळी मी तिला आधी नेलं.

गेल्या रविवारी पहिलं जोडपं घर बघायला यायचं होतं. सकाळी मी मुलीकडून खडूची एक वडी मागून घेतली आणि घरभर फिरलो. स्वयंपाकघरातला नळ नीट बंद होत नाही, तिथे एक चौकोन. गॅलरीच्या दाराचं लाकूड फुगतं, तिथे एक. न्हाणीघराची सैल फरशी, खिडकीचा अडकणारा कडी-कोयंडा, माळ्यावरची चीर. सगळे मिळून अकरा निघाले. प्रत्येक चौकोनाबाहेर बोटभर अंतर सोडून मी दुसरी रेघही मारली. माझी काही बाईंसारखी सरळ आली नाही.

जोडप्याला घेऊन आला दोन-मिनिटच. केस पांढरे झालेत, पण आता तो विकणारा आणि घेणारा दोघांना आधी एका टेबलाशी बसवतो. अकरा चौकोन बघून त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, असं दाखवून कुणी घर विकतं का?"

"मला असंच मिळालं होतं," मी म्हणालो. त्यानं मान खाली घातली, आणि मग हसला.

त्या मुलीनं वाकून एका चौकोनावरून बोट फिरवलं. तिचा नवरा मागे घाईत उभा होता, माझ्यासारखाच दिसत होता. "काका, ह्या रेघा दोन-दोन का आहेत?" तिनं विचारलं.

मी मावशीचं घडीचं स्टूल उघडून तिच्यापुढे ठेवलं. "बसा," म्हटलं, "आणि ह्यांनाही बसवा. सांगतो, पण दोन मिनिटांत होणार नाही."